आठ सर्द्या, आठ रजा

लहान मूल वारंवार आजारी पडलं की घरात दोष कुणाचा यावर खल सुरू होतो. या वयाचं आजारपण नेमकं किती आणि का असतं, हे कळलं तर तो वेळ मुलासाठी आणि रजेच्या सोयीसाठी वापरता येईल.

अमेरिकेतल्या युटा राज्यात २००९-१० मध्ये संशोधकांनी २६ कुटुंबांना एक काम दिलं. घरातल्या प्रत्येकाने दर आठवड्याला नाकातला नमुना घ्यायचा आणि त्या आठवड्यात तब्येत कशी होती ते लिहून ठेवायचं. सर्दी असो वा नसो, नमुना द्यायचाच. असं वर्षभर चाललं. १०८ जणांचे नमुने तपासून झाल्यावर दिसलं ते असं : मूल नसलेल्या घरात वर्षातले जेमतेम तीन-चार आठवडे श्वसनमार्गाचे विषाणू होते. एक मूल असलेल्या घरात १८ आठवडे. सहा मुलांच्या घरात ४५ आठवडे. पाच वर्षांखालच्या मुलांच्या नाकात तर वर्षातल्या निम्म्या आठवड्यांत कोणता ना कोणता विषाणू सापडला. प्रत्येक वेळी मूल आजारी होतंच असं नाही, पण विषाणूंचा राबता सतत होता.

मुलाला पाळणाघरात सोडून लोकल गाठायला धावणाऱ्या आईबापांना हे आकडे कुणी सांगत नाही. मग जून लागतो, नाक वाहायला लागतं, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा कणकण. तिसऱ्या खेपेला घरात चर्चा सुरू होते. ‘याची इम्युनिटीच कमी आहे.’ ‘पाळणाघरातल्या काकूंचं लक्ष नसतं.’ ‘एवढ्यात कामावर जायची काय घाई होती?’ हे शेवटचं वाक्य बहुतेक वेळा आईच्या वाट्याला येतं.

वास्तविक शाळेत जाण्याआधीच्या वयातलं निरोगी मूल वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-खोकल्याने आजारी पडतं. पाळणाघरात जाणारं मूल दहा-बारा वेळाही पडतं. प्रत्येक सर्दी आठ-दहा दिवस रेंगाळते. आठ सर्द्या गुणिले दहा दिवस म्हणजे ८० दिवस. ते वर्षभर सारखे विखुरलेले नसतात, पावसाळ्यात आणि थंडीत दाटीने येतात. त्या महिन्यांत ‘पोर बरंच होत नाही’ असं वाटतं ते यामुळेच. एक सर्दी पुरती ओसरण्याआधी दुसरी सुरू झालेली असते.

सहा महिन्यांची शिदोरी

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातली आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. आईची आजवर ज्या रोगजंतूंशी गाठ पडली, त्यांच्याविरुद्धची ही शिदोरी असते. जन्मानंतर ती कमी कमी होत जाते आणि सहा महिन्यांच्या सुमारास फारशी उरत नाही. बाळ स्वतःची प्रतिपिंडं बनवू लागलेलं असतं, पण त्यांची पातळी मोठ्या माणसाइतकी व्हायला काही वर्षं जातात. अंगावरच्या दुधातली आयजीए प्रतिपिंडं मोलाची मदत करतात, तरी सगळी कसर भरून निघत नाही.

याच्या शेजारी आपला कायदा ठेवून पाहा. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. म्हणजे आईची रजा आणि आईकडून आलेली प्रतिपिंडं जवळपास एकाच सुमारास संपतात, आणि नेमकं तेव्हाच बाळ पाळणाघराची पायरी चढतं.

तिथे गाठ पडते ती शेकडो विषाणूंशी. सर्दीला सर्वाधिक वेळा कारणीभूत ठरणाऱ्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच १६०हून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराशी सामना झाला म्हणून बाकीच्यांपासून बचाव होत नाही. त्याखेरीज आरएसव्ही, अ‍ॅडिनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा, इन्फ्लुएन्झा हे आहेतच. मोठी माणसं यातल्या बहुतेकांना पूर्वी भेटलेली असतात. मुलासाठी प्रत्येक ओळख नवी असते.

त्यात मुलाची शरीररचनाही भर घालते. श्वासनलिका इतक्या अरुंद असतात की आतलं अस्तर थोडं सुजलं तरी घरघर ऐकू येते. घसा आणि मधला कान जोडणारी नळी आखूड आणि आडवी असल्यामुळे सर्दीमागून कानदुखी येते. शिवाय मूल लक्षणं दिसायच्या आधीपासून विषाणू पसरवत असतं आणि बरं झाल्यावरही काही दिवस पसरवतं. म्हणून नुसतं नाक वाहणाऱ्या मुलाला घरी पाठवल्याने पाळणाघरातली साथ थांबत नाही. ताप असेल, मूल मलूल असेल किंवा उलट्या-जुलाब होत असतील, तर मात्र त्याने घरीच राहायला हवं.

पाळणाघर हे कारण, पण गुन्हा नव्हे

अ‍ॅरिझोनातल्या टक्सन शहरात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांचा अभ्यास वर्षानुवर्षं चालला. मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दोन वर्षांच्या वयात घरी वाढलेल्यांपेक्षा जास्त वेळा सर्दी झाली. मात्र हीच मुलं सहा ते अकरा वर्षांची असताना त्यांना इतरांपेक्षा कमी वेळा सर्दी झाली. तेराव्या वर्षापर्यंत दोन्ही गट सारखे झाले होते. घरी राहिलेल्या मुलाची सर्दी बऱ्याच अंशी पुढे ढकलली जाते, ती बालवाडी-शाळेत गाठते.

म्हणून मुद्दाम आजार लावून घ्यावेत असं अजिबात नाही. दोन-तीन महिन्यांच्या तान्ह्याला आरएसव्हीचा संसर्ग गंभीर होऊ शकतो, तिथे जपायलाच हवं. पण दीड-दोन वर्षांच्या, चांगलं वजन वाढणाऱ्या, दोन आजारांच्या मधल्या दिवसांत उड्या मारणाऱ्या मुलाच्या बाबतीत ‘मी नोकरी करते म्हणून हे झालं’ असं आईने मनाला लावून घ्यायला काहीही आधार नाही.

काही मुलांत मात्र खरोखरच प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष असतो. वर्षात दोन किंवा अधिक वेळा न्यूमोनिया, चार किंवा अधिक वेळा कानाचा संसर्ग, वारंवार खोल गळवं, वजन न वाढणं, कुटुंबात असा आजार असणं, या त्याच्या खुणा आहेत. अशा वेळी बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. मुंबईत आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था या दोषांवर काम करते.

हिरवा शेंबूड आणि बाटलीतलं औषध

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा होतो आणि घरात अँटिबायोटिकची मागणी होते. हा रंग येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या हिरवट विकरामुळे. विषाणूशी लढायला त्या नाकात जमल्याची ती खूण आहे. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. दिलं तर जुलाब होण्याची आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू वाढण्याची भीती, फायदा शून्य. खोकल्याचंही तसंच. सर्दीनंतरचा खोकला निम्म्या मुलांत दहा दिवसांत थांबतो, पण दहांतल्या नऊ मुलांचा थांबायला २५ दिवस लागू शकतात. तिसऱ्या आठवड्यात खोकणारं, पण खेळणारं-जेवणारं मूल बहुधा बरं होण्याच्या वाटेवर असतं.

कामावर जायची घाई असली की कफ सिरपचा मोह होतो. तो आवरायला हवा. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन हे सर्दीच्या सिरपमधलं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायइथिलिन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने २०हून अधिक मुलांचे बळी घेतले. त्यातल्या अनेकांना शेवटच्या उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना अशी औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत.

मग करायचं काय? नाकात सलाईनचे थेंब, थोडं थोडं पण सतत पाणी आणि पातळ पदार्थ, विश्रांती. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा-एक चमचा मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटालाही लावून चाटवू नये, त्यातून बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. तापाने मूल बेचैन असेल तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेल्या मात्रेतच. सर्दीच्या मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असू शकतं. दोन्ही एकदम दिली तर मात्रा नकळत दुप्पट होते.

थर्मामीटरपेक्षा श्वास पाहा

ताप १०२ झाला की घरात धावपळ उडते. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर लगेच डॉक्टर गाठायलाच हवा. त्यापुढच्या वयात आकड्यापेक्षा मूल कसं दिसतंय, कसा श्वास घेतंय, हे महत्त्वाचं. साध्या सर्दीतून न्यूमोनियाकडे जाणारं मूल ओळखण्याची सर्वांत सोपी खूण आहे श्वासाची गती.

ही खूण किती सोपी करता येते, हे गडचिरोलीने दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांसाठी एक श्वासमापक बनवला. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी होते. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजायचा. गावातल्या माणसांनी न्यूमोनिया ओळखून वेळेवर औषध दिल्यामुळे त्या भागात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी झाले. १९९० मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले.

जे गडचिरोलीतल्या दायांनी केलं, ते मोबाइलचं स्टॉपवॉच हाती असलेल्या प्रत्येक घराला जमेल. मूल शांत किंवा झोपलेलं असताना सदरा वर करा आणि पोट वर येताना पूर्ण एक मिनिट मोजा. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक असतील तर दवाखान्यात जा. श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल काही पीत नसेल, झटका आला असेल, फार वेळ लघवी झाली नसेल किंवा हाक मारूनही नीट जागं होत नसेल, तर रात्र असली तरी थांबू नका.

बचावाचे उपायही आहेत. कराचीच्या गरीब वस्त्यांत साबण देऊन हात धुण्याची सवय लावल्यावर पाच वर्षांखालच्या मुलांतला न्यूमोनिया निम्म्यावर आला. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूमोकोकल लस आता सरकारी लसीकरणात मोफत मिळते. फ्लूची लस सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना दरवर्षी द्यावी, असं भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सांगते. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून ती पावसाळ्याआधी घेतलेली बरी.

रजेचं गणित

आता पुन्हा ते ८० दिवस. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला वर्षाला आठ नैमित्तिक रजा मिळतात. सरकारी सेवेतल्या स्त्रियांना बालसंगोपन रजेचा आधार आहे : केंद्रात संपूर्ण सेवेत ७३० दिवस, महाराष्ट्र शासनात २०१८पासून १८० दिवस. पुरुषांना ती एकल पालक असण्यासारख्या अपवादातच मिळते. खासगी नोकरीत अशी रजा बहुधा नाहीच. आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचं मूल तापाने फणफणलं, तर तिच्या पदरी खाडा पडतो आणि महिनाअखेर पैसे कापले जातात. स्वीडनमध्ये आजारी मुलाची काळजी घेण्यासाठी पालकांना, आईला किंवा वडिलांना, मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. मुलं आजारी पडणारच, हे तिथल्या कायद्याने गृहीत धरलं आहे.

घरापुरतं तरी ते आपल्याला आज करता येईल. मे महिन्यातच नवरा-बायकोने दोघांच्या रजा समोर ठेवून वाटणी करावी. पाळणाघरातून पहिला फोन वडिलांना जाईल असं सांगावं. मुलाचं वजन, पॅरासिटामॉलची ठरलेली मात्रा, शेवटची मात्रा कधी दिली ती वेळ आणि धोक्याच्या खुणा एका कागदावर लिहून फ्रीजवर लावाव्यात, म्हणजे आजी असो वा शेजारच्या मावशी, कुणालाही अंदाजाने औषध द्यावं लागणार नाही. पहिल्या वर्षी स्वतःही तीन-चारदा आजारी पडणार, हेही मनाशी धरून चालावं.

बाकीचं काम मालकांचं आणि सरकारचं आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, ही कायद्यातली तरतूद कागदावरून प्रत्यक्षात उतरायला हवी. मुलाच्या आजारपणासाठी आई आणि वडील दोघांनाही वेगळी पगारी रजा हवी, आणि साध्या सर्दीसाठी डॉक्टरांच्या दाखल्याची अट नको. त्या दाखल्यापायी दवाखान्यात गर्दी होते आणि गरज नसलेली औषधं लिहिली जातात. घरकामाच्या बाईचा असा खाडा न कापणं तर कुठल्याही कायद्याची वाट न पाहता आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल. मार्चअखेर, दिवाळी आणि लग्नसराई धरून प्रत्येक कार्यालय वर्षाची आखणी करतं. दोन वर्षांच्या मुलाची आठ आजारपणं तितकीच ठरलेली आहेत. तीही त्या आखणीत धरली गेली, तर आजारी लेकराला औषध पाजून, जड मनाने दार ओढून घेत कामावर पळण्याची वेळ कुठल्याही आईबापावर येणार नाही.