न बोलणारे मूल आणि आपली तयार उत्तरे

वस्तीतले तीन वर्षांचे मूल बोलत नाही. हाक मारली तर वळून पाहत नाही. बाटलीचे झाकण तासन्‌तास फिरवीत बसते. यावर दोन उत्तरे तयार असतात. घरातली वडीलधारी म्हणतात, 'त्याचा बापही उशिराच बोलला.' शाळेतले गुरुजी म्हणतात, 'यांच्या घरात संस्कारच नाहीत, पोर बोलणार कसे?' पहिले उत्तर मायेचे, दुसरे जातीच्या गृहीतकाचे. परिणाम मात्र एकच. मुलाची तपासणी होत नाही.

दुसऱ्या उत्तराचा खोटेपणा नीट ध्यानात घेतला पाहिजे. दीड वर्षाचे मूल कावळा दिसला की बोट करते आणि आईच्या तोंडाकडे पाहते. तिलाही तो दिसावा म्हणून. याला खेळणी लागत नाहीत, पुस्तके लागत नाहीत. पत्र्याच्या खोपीतले मूलही हे करते. ते होत नसेल तर त्याचा खुलासा दारिद्र्याने होत नाही. अशा वेळी स्वमग्नतेची शंका घेऊन तपासणी मागितलीच पाहिजे.

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासातील भिन्नता आहे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी तिचे वर्णन केले. पुढे काही दशके आईच्या 'थंड' स्वभावावर ठपका ठेवला गेला. तो सिद्धान्त केव्हाच मोडीत निघाला. आपल्याकडे ग्रहण आणि पूर्वजन्मीचे पाप अजून शिल्लक आहे, आणि तेही बाईच्याच माथी!

तपासणीत आधी कान पाहावेत, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला ओ देत नाही. रक्त तपासून किंवा फोटो काढून स्वमग्नता कळत नाही. मुलाचे निरीक्षण आणि आईला विचारलेले प्रश्न हेच तिचे साधन. म्हणून आईने आपल्या बोलीतच सांगावे आणि प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारायला लावावा. मुलाने कधी न पाहिलेली वस्तू चित्रात दाखवून 'ओळखत नाही' असे लिहिले जात असेल, तर तिथेच हरकत घ्यावी. शिक्षकांनी 'मंद' हा शेरा मारण्याऐवजी मूल काय करते, काय करत नाही, हे तारखेनिशी लिहून द्यावे. त्या कागदाचा डॉक्टरांना फार उपयोग होतो.

ही मेहेरबानी नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यावे, शंका असलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे आणि हे सारे विनामूल्य व्हावे, अशी योजना आहे. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत बोलण्याचे, खेळण्याचे शिक्षण थांबवण्याचे कारण नाही.

पण पथक येते त्या दिवशी मूल आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले असते. कार्यकर्त्यांनी अशा मुलांची नावे अंगणवाडीताईंकडून घ्यावीत, पथकाची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयाची तारीख मिळवावी आणि आईबरोबर स्वतः जावे. तिची त्या दिवसाची रोजी बुडणार, याचाही हिशेब आधी करावा.