वाऱ्यानं जातं, ते कुठं जातं?

खटावपासून तासगावपर्यंत आमच्या गटांच्या बैठकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "औषध मारलं, जुने पाइप जाळले, तरी वाऱ्यानं सगळं जातं की!" जातं खरं. पण कुठं जातं, ते आज बघू.

पृथ्वीच्या उत्तर टोकाकडं, आर्क्टिकच्या बर्फाळ भागात इन्युइट लोक राहतात. तिथं ना ऊस, ना द्राक्षबागा. मासे आणि सील हे त्यांचं जेवण. १९८०च्या दशकात कॅनडातल्या इन्युइट आयांचं दूध तपासलं. ते शुद्ध असेल असं शास्त्रज्ञांना वाटलं होतं. निघालं उलटंच. दक्षिणेकडच्या आयांपेक्षा त्यात पीसीबी हे विषारी रसायन कितीतरी पट जास्त होतं.

ते पोचलं कसं? भाताच्या पातेल्यावरचं झाकण आठवा. वाफ वर जाते आणि गार झाकणाला पाणी होऊन चिकटते. पीसीबी, डीडीटी, एन्डोसल्फान यांचं तसंच आहे. उन्हानं ती हवेत उडतात, वाऱ्याबरोबर पुढं जातात, गारठा लागला की खाली बसतात. ऊन पडलं की पुन्हा उडतात. अशा टोळासारख्या उड्या मारत ती थंड प्रदेशात पोचतात आणि तिथंच अडकतात. ती लवकर नष्ट होत नाहीत, चरबीत साठतात. माशातून सीलमध्ये, सीलमधून आईच्या दुधात. तरीही तिथल्या आयांना अंगावर पाजणं थांबवू नका, असंच सांगितलं गेलं. दुधाचा फायदाच मोठा.

जगानं यावर २००१ साली स्टॉकहोम करार केला. २००६ मध्ये भारतानंही तो मान्य केला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एन्डोसल्फानवर बंदी घातली. बंदी आलेल्या जुन्या रसायनांचं प्रमाण आर्क्टिकमध्ये कमी होत गेलंय. थांबवलं की फरक पडतो, तो असा.

आता आपलं बघू. पीव्हीसीचे पाइप आणि वायरी जाळल्या की डायऑक्सिन तयार होतं. तेही याच जातीचं विष. ते दूर जायच्या आधी आपल्या आणि कडेवरच्या लेकराच्या छातीत जातं. म्हणून पाइप भंगारात द्या. चूल पेटवायला प्लास्टिक घालू नका. माळ्यावर बंदी आलेल्या औषधाचा जुना डबा असेल, तर तो मारू नका, ओढ्यात ओतू नका. कृषी सहायकांना विचारा.

पुढच्या बैठकीला येताना माळा तेवढा बघून या.