‘झिरो वायरमन’ हा शब्द आपल्या वस्तीतून जायला हवा

गावाकडे ‘झिरो वायरमन’ म्हणजे कोण, हे कुणाला सांगावे लागत नाही. वीज कंपनीच्या पगारपत्रकावर त्याचे नाव नसते, खिशात परवाना नसतो. तरीही डीपीवर फ्यूज टाकायला, खांबावर चढून तार ओढायला पहिली हाक त्यालाच जाते. काम पूर्ण, नोंद शून्य. म्हणून तो ‘झिरो’.

मोडनिंब हे माढा तालुक्यातले, पुणे-सोलापूर महामार्गावरचे बाजाराचे गाव. भोवती ऊस, द्राक्षे आणि डाळिंबाच्या बागा. बागा आल्या की विहिरी-बोअरवरच्या मोटारी, स्टार्टर, केबल आणि डीपीही आल्या. त्यामुळे विजेच्या कामाला तोटा नाही. आपल्या वस्त्यांमधली अनेक मुले शाळा सुटली की एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली लागतात आणि बघून बघून काम शिकतात. हात चांगला तयार होतो, पण कागद तयार होत नाही. सामाजिक काम करताना आम्हाला हा प्रश्न केवळ तांत्रिक वाटत नाही. जोखमीचे काम कुणाच्या वाट्याला येते आणि त्याची जबाबदारी कुणीच का घेत नाही, असा हा प्रश्न आहे.

कायदा काय सांगतो?

वीज कायदा, २००३ अंतर्गत केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेचे विनियम केले आहेत. आधी २०१०चे होते, आता २०२३चे आहेत. त्यांचा गाभा सोपा आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी घरगुती किरकोळ कामे सोडली, तर वीजसंचाचे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, सक्षम पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कामगारानेच करायचे आहे. या परवान्याला आपल्याकडे तारतंत्री परवाना म्हणतात. डीपीवरचे काम तर खासगी माणसाचे नाहीच. ते वीज कंपनीच्या अधिकृत कर्मचाऱ्याचे आहे.

परवाना नसला की काय जाते?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. कामावर मृत्यू झाल्यास मालकाने भरपाई देण्याची कायदेशीर तरतूद १९२३ पासून आहे. तुटून रस्त्यावर पडलेल्या तारेने माणूस दगावला, तर वीज मंडळाची चूक सिद्ध न करताही मंडळ जबाबदार ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश वीज मंडळाच्या प्रकरणात २००२ साली सांगितले.

पण झिरो वायरमन गेला की पहिले उत्तर येते, ‘त्याला चढायला कुणी सांगितले होते?’ शेतकरी म्हणतो, मी फक्त फोन केला. मिस्त्री म्हणतो, तो माझ्याकडे कामाला नव्हता. कंपनी म्हणते, तो आमचा नव्हता. घरच्यांच्या हाती काहीच राहत नाही.

कार्यकर्त्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. वीज कायद्याच्या कलम १६१ नुसार अपघाताची सूचना विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते. मृत्यू झाला असेल, तर अपघात कळल्यापासून २४ तासांत. पोलीस पंचनाम्यावर थांबू नका. निरीक्षकाच्या चौकशी अहवालाची प्रत मागा. जबाबदारी कुणाची, हे ठरवताना तोच कागद कामी येतो.

जीव वाचवणाऱ्या सवयी

- लाईट गेली म्हणजे लाईन बंद झाली असे नाही. सप्लाय कधीही परत येतो. शेजारच्या जनरेटर किंवा इन्व्हर्टरमधूनही उलटा करंट येऊ शकतो. मेन बंद करा, कुलूप लावा, ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावा.
- मोटारीला हात लावण्याआधी स्टार्टरवरचा ऑटो स्विच काढा. लाईट येताच मोटार आपोआप चालू करणे हेच त्याचे काम. आपला हात आत आहे, हे त्याला कळत नाही.
- निऑन टेस्टर पेटला नाही म्हणून तार निर्धोक समजू नका. आधी चालू लाईनवर मीटर तपासा, मग कामाच्या तारेवर लावा.
- एमसीबी वायरिंग वाचवते, माणूस वाचवत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागते. घरगुती जोडणीत ती ३० मिलिअँपिअर गळतीलाच तुटली पाहिजे. आणि अर्थिंगची तार नुसती दिसून भागत नाही, ती मोजून घ्यावी लागते.

जयंतीच्या मिरवणुकीत

१३ एप्रिल २०२३ च्या रात्री विरारमध्ये जयंतीच्या मिरवणुकीतील रथाचा लोखंडी दांडा विजेच्या संपर्कात आला आणि आपले दोन बांधव गेले. रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची तार जमिनीपासून किमान ६.१ मीटर, म्हणजे साधारण २० फूट उंच असावी असा नियम आहे. ट्रॉलीवर उभ्या माणसाच्या हातात १२-१५ फुटी झेंडा असला की हे अंतर संपते. त्यातच जुनी तार झोळ खाऊन आणखी खाली आलेली असते. म्हणून मिरवणुकीचा मार्ग आधी चालून पाहा, तारांची उंची नोंदवा, झेंड्याला लोखंडी नळी वापरू नका. मांडवाला आकडा न टाकता तात्पुरती जोडणी घ्या. तीही आरसीसीबीसह आणि परवानाधारकाकडून.

बाबासाहेबांनी दोन्ही पाहिले होते

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. वीज हा विषयही त्याच खात्याकडे होता. देशाच्या वीजविकासाचे धोरण त्यांनी मांडले, १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले आणि त्याच काळात कामगारांच्या हक्कांचे कायदेही पुढे सरकले. वीज आणि ती हाताळणारा कामगार यांचा विचार त्यांनी एकत्र केला. आपणही तो वेगळा करू नये.

प्रत्येक गावातल्या मंडळाने एवढे करावे. वस्तीत विजेचे काम करणाऱ्या मुलांची यादी करा. दहावीनंतरच्यांना आयटीआयच्या वीजतंत्री किंवा तारतंत्री अभ्यासक्रमाकडे वळवा. जे आधीच कामात आहेत, त्यांना सोलापूरच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात नेऊन परवान्याच्या परीक्षेची आणि अर्जाची माहिती मिळवून द्या. जयंतीच्या वर्गणीतून दोन-तीन मुलांची फी भरली, तरी त्या वर्षीची जयंती सार्थकी लागेल. आणि परवाना हाती येईपर्यंत डीपीवर चढायला कुणी बोलावले, तर ‘नाही’ म्हणायला त्या मुलांना बळ द्या. हे ‘नाही’ एकट्याने म्हणणे अवघड असते. त्याच्या मागे मंडळ उभे राहिले, तर ते सोपे होते.

जयभीम.