माईक बंद केला, तर थिएटर केवढं बांधायचं?

ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी या एपिसोडचा हा लेखी अवतार.

आजचा विषय आहे एनसीपीए, म्हणजे नरिमन पॉइंटच्या टोकाला, समुद्रात भर टाकून केलेल्या जमिनीवर उभं असलेलं नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. नावात ‘नॅशनल’ आहे म्हणून अनेकांना ते सरकारी वाटतं, पण तसं नाहीये. १९६९ मध्ये जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी ही संस्था सुरू केली. जमशेद म्हणजे अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचे धाकटे भाऊ.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे कुठलीही मोठी गोष्ट दिसली की माझा पहिला प्रश्न असतो, रिक्वायरमेंट काय होती? इथे ती दोन ओळींत सांगता येते. गाणं माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे. आणि नाचणाऱ्याच्या डोळ्यांतला भाव तिथूनही दिसला पाहिजे.

ऐकायला सोपं वाटतं, पण आवाजाचा हिशोब कडक असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. हॉलमध्ये भिंती आणि छत तो परत फेकतात, म्हणून मदत होते. पण परत आलेला आवाज वेळेत यायला हवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटरचा वळसा घेतला की ५० मिलिसेकंद उशीर. त्याच्या आत आला तर कान दोन्ही आवाज एक करून टाकतो. फार उशिरा आला तर शब्द गढूळ होतात. गेमिंगवाल्यांनो, लॅगच समजा!

म्हणून हॉल हवा तेवढा मोठा करताच येत नाही. १९८० मध्ये उघडलेल्या टाटा थिएटरला १,०१० खुर्च्या आहेत, पंख्यासारख्या पसरलेल्या, म्हणजे प्रेक्षक लांब जाण्याऐवजी रुंदीत बसतो. आर्किटेक्ट होते अमेरिकेचे फिलिप जॉन्सन, आणि आवाजाचं काम सिरिल हॅरिस यांचं.

मग एकच हॉल सगळ्यांना का चालत नाही? कारण ऑर्केस्ट्राला आवाज थोडा घुमायला हवा, साधारण दोन सेकंद. संवादाला तेवढा घुमला तर वाक्यं एकमेकांवर चढतात. प्रायोगिक नाटकाला तर रंगमंच कुठे आणि प्रेक्षक कुठे, हेच दर वेळी बदलायचं असतं. म्हणून एकाच आवारात पाच थिएटर आहेत. त्यांत एक्सपेरिमेंटल थिएटर साधारण तीनशे जणांचं आणि लिटल थिएटर फक्त ११४ जणांचं. ऑपेरा-बॅलेसाठी १,१०९ खुर्च्यांचं जमशेद भाभा थिएटर. हे थिएटर १९९७ मध्ये, काम संपत आलेलं असताना आगीत जळालं. जमशेद तेव्हा ऐंशी ओलांडलेले. पुन्हा बांधलं आणि १९९९ मध्ये उघडलं.

इमारत झाली. पण खरा पेच त्याच्यानंतर सुरू होतो.

एक हिशोब करू. समजा तिकीट ५०० रुपये आणि टाटा थिएटर हाऊसफुल्ल. गल्ला किती? ५ लाख ५ हजार. त्यात कलाकारांचं मानधन, एसी, लाइट, स्टाफ, देखभाल, सगळं आलं. लिटल थिएटर हाऊसफुल्ल झालं तर ५७ हजार. माईक आणि स्टेडियम असेल तर खुर्च्या वाढवता येतात. इथे ती सोय रिक्वायरमेंटनेच काढून टाकली आहे. म्हणजे ज्या गोष्टीमुळे हॉल चांगला आहे, त्याच गोष्टीमुळे तो तिकिटावर चालणं अवघड आहे. उरलेला पैसा देणग्या, स्पॉन्सर आणि ठेवींमधून आणावा लागतो.

याची किंमत किती असू शकते, ते २०१४ मध्ये दिसलं. मलबार हिलवरचा ‘मेहरानगीर’ हा भाभा कुटुंबाचा बंगला. होमी भाभा तिथे राहिले होते. २००७ मध्ये जमशेद गेले आणि बंगला एनसीपीएकडे आला. संस्थेने तो लिलावात ३७२ कोटींना विकला. तिथे होमी भाभांचं स्मारक व्हावं अशी मागणी होती, प्रकरण हायकोर्टातही गेलं. लिलाव थांबला नाही, आणि २०१६ मध्ये बंगला पाडला गेला.

माझं मत विचाराल, तर ते घर पाडायला नको होतं. पण ते सरकारने विकत घेऊन जपायला हवं होतं. एनसीपीएने फुकट सोडावं, हे मला पटत नाही. एका भावाची आठवण जपायला दुसऱ्या भावाचं काम का थांबवायचं?

आपल्या गावात नवीन नाट्यगृहाची घोषणा झाली की आपण विचारतो, किती कोटींचं? यापुढे आणखी दोन प्रश्न विचारा. कुठल्या कलेसाठी? आणि उद्घाटनानंतर दहाव्या वर्षी लाइट बिल कोण भरणार?

तुमच्या गावातल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेत आवाज कसा येतो, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!