पडद्यावरील बेट आणि नेच्यांची घळ

१९९७ सालीं प्रसिद्ध झालेला ‘द लॉस्ट वर्ल्ड : ज्युरासिक पार्क’ हा स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा चित्रपट आपल्या वाचकांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. त्यांतील डायनोसॉरांचें बेट कोस्टारिका देशाजवळच्या उष्ण समुद्रांत आहे, असें कथा सांगते. परंतु त्या रानाचीं कांहीं दृश्यें उत्तर कॅलिफोर्नियाच्या थंड, धुकट किनाऱ्यावर घेतलीं आहेत. तेथें प्रेअरी क्रीक रेडवुड्स नांवाचें सरकारी वनोद्यान असून त्यांत फर्न कॅन्यन, म्हणजे नेच्यांची घळ, आहे. पुष्कळसें चित्रण स्टुडिओंतील कृत्रिम रानांतही झालें. पण ही घळ मात्र खरी आहे.

ती इतकी पुरातन कां भासते? होम क्रीक नांवाच्या लहानशा ओढ्यानें वाळू व गोट्यांचे सैल थर कापून सुमारें ५० फूट उंचीच्या दोन उभ्या भिंती केल्या आहेत. भिंतींतून पाणी सतत पाझरतें आणि तळापासून माथ्यापर्यंत नेचे लोंबत असतात. नेच्याला फूल नाहीं, बी नाहीं. पानामागील धुळीसारख्या बीजाणूंपासून त्याचा वंश चालतो, आणि फलनास पाण्याचा निदान पातळ थर तरी लागतो. पावसाळ्यांत सह्याद्रीच्या कड्यांवर नेचे डंवरतात तेंही याच कारणानें. ही वनस्पतिजाति डायनोसॉरांहूनही जुनी असल्यामुळें दिग्दर्शकाची निवड अगदींच अनाठायीं नव्हती, असें म्हणावें लागेल.

या प्रदेशांत उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. मग ओलावा येतो कोठून? पॅसिफिक महासागराच्या थंड पाण्यावरून येणारी हवा निवते व तिचें धुकें बनतें. तें रेडवुड वृक्षांच्या पानांत अडकून थेंबाथेंबानें खालीं गळतें. या वनाला वर्षभरांत मिळणाऱ्या पाण्याचा सुमारें एक तृतीयांश भाग असा धुक्यांतून येतो, असें शास्त्रज्ञांस आढळलें आहे. हे वृक्ष ३०० फुटांहून उंच वाढतात व कांहीं २,००० वर्षांहून अधिक जगलेले आहेत. झाड तोडलें म्हणजे केवळ लांकूड जात नाहीं, धुकें धरणारी चाळणीच जाते! १८५० नंतरच्या बेसुमार तोडीमुळें मूळच्या रेडवुड अरण्यापैकीं आज सुमारें पांच टक्केच उरलें आहे. १९१८ सालीं ‘सेव्ह द रेडवुड्स लीग’ ही संस्था निघाली, वर्गण्या जमवून जमिनी विकत घेतल्या गेल्या, आणि १९२३ मध्यें हें उद्यान स्थापन झालें.

करवतीपासून वांचलेल्या या ठिकाणीं आतां गर्दीचा प्रश्न उभा आहे. पडद्यावर पाहिलेली जागा डोळ्यांनीं पाहावी, ही इच्छा स्वाभाविकच. परंतु सैल भिंतीवर एकानें चढावयाचें ठरविलें तरी माती व नेचे दोन्ही खालीं येतात. म्हणून २०२२ पासून उन्हाळ्यांतील महिन्यांत घळीकडे मोटार नेण्यास आगाऊ परवाना लागतो. उन्हाळ्यापुरत्या ओढ्यावर फळ्याही टाकितात. हिवाळ्यांत त्या काढून घेतल्या जातात; तेव्हां घळीचा तळ सबंध ओढ्याचा होतो, आणि ज्यास आंत जावयाचें असेल त्यानें थंडगार पाण्यांतून चालत जावें.