जहाज मुंबईचं, तक्रार अकोल्यात

वऱ्हाडी माणसाचा खाऱ्या पाण्याशी संबंध आजवर खारपाणपट्ट्यापुरता. पूर्णेच्या दोन्ही अंगांच्या गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, तेवढाच. समुद्र पाहायचा तर अकोल्याहून किंवा बडनेऱ्याहून रात्रभराची गाडी. तरीही गेल्या काही वर्षांत लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, वडिलांची निवृत्ती, दिवाळीची सुट्टी अशा निमित्तांनी इथली कुटुंबंही मुंबई–गोवा किंवा मुंबई–लक्षद्वीप क्रूझचं बुकिंग करू लागली आहेत. कुणी अमरावतीच्या राजापेठेतल्या एजंटाकडून, कुणी अकोल्याच्या जठारपेठेत घरबसल्या मोबाइलवर. सहल छान झाली तर फोटो स्टेटसला लागतात. फेरी रद्द झाली आणि पैसे अडकले, की घरात पहिला प्रश्न निघतो: आता भांडायला मुंबईला जायचं का?

जायची गरज नाही. पण ते का, हे सांगण्याआधी तिकिटाचा व्यवहार आतून कसा चालतो ते पाहू. पुढचं भांडण त्यावरच उभं राहतं.

विमान रद्द झालं किंवा रखडलं तर प्रवाशाला काय द्यायचं, याची विमान वाहतूक नियामक डीजीसीएची नियमावली आहे. क्रूझच्या प्रवाशाला मुख्य आधार दोनच: कंपनीच्या अटी आणि ग्राहक संरक्षण कायदा. अटींचा मजकूर लांबलचक असतो आणि बुकिंग करताना तो कुणी वाचत नाही. त्यात बहुतेक ठिकाणी एक कलम हमखास सापडतं: हवामान, बंदराची परवानगी, सुरक्षितता अशा कारणांनी कंपनी मार्ग बदलू शकते, एखादं बंदर गाळू शकते, वेळ पुढे-मागे करू शकते. यातला बराच भाग रास्त आहे. वादळात जहाज हाकायला कॅप्टनला कुणी भाग पाडू नये. आणि कधी अडचण समुद्राची नसतेच. जून 2022 मध्ये कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज विशाखापट्टणमहून पुदुच्चेरीला निघालं, पण जहाजावरच्या कसिनोवरून वाद पेटला आणि पुदुच्चेरीने परवानगी दिली नाही. त्याच वर्षी जानेवारीत, नववर्षाच्या फेरीवर, त्याच जहाजावरचे 66 जण कोरोनाबाधित निघाले. जहाज मुरगाव बंदरात अडकलं आणि शेवटी बाधितांसह मुंबईला परतलं. दोन्ही वेळा प्रवाशाच्या हातात काहीच नव्हतं.

अशा वेळी दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. एक बंदर गळलं पण बाकी सफर झाली, तर पूर्ण परताव्याची मागणी टिकत नाही. त्या बंदराचं माणशी घेतलेलं शुल्क आणि तिथे फिरायला आगाऊ भरलेले पैसे मात्र मागायचे. अख्खी फेरीच झाली नाही, तर प्रकरण वेगळं. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 56 सांगतं, की जे काम अशक्य झालं त्याचा करार निरर्थक ठरतो. कलम 65 पुढे सांगतं, की अशा करारापोटी ज्याने पैसे घेतले त्याने ते परत करावेत. कंपनीची चूक नव्हती, हे आपण मान्य करू. पण चूक नसणं वेगळं आणि न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेणं वेगळं.

पैशांऐवजी कंपन्यांना व्हाउचर द्यायला आवडतं. ‘पुढच्या सफरीसाठी क्रेडिट’ असं त्याचं गोड नाव. लॉकडाउनमध्ये विमान कंपन्यांनी हेच केलं, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1 ऑक्टोबर 2020 च्या निकालाने परताव्याची आणि क्रेडिटची चौकट ठरली. पण तो निकाल विमानांच्या तिकिटांपुरता. क्रूझच्या व्हाउचरला मुदत असते, सुट्टीच्या तारखांना ते चालत नाही, पुढचं भाडं वाढलेलं असेल तर फरक आपण भरायचा, आणि दुसऱ्याच्या नावावर ते करता येत नाही. मुलीची बारावी आली, की ती मुदत तशीच उलटून जाते. म्हणून ‘स्वीकारा’ हे बटण घाईने दाबू नये. एकदा दाबलं, की तुम्ही राजीखुशीने तडजोड केली असं म्हणायला कंपनी मोकळी होते. मेलला उत्तर द्यायचं: मला क्रेडिट नको, मूळ खात्यात पैसे हवेत.

आता आपणच रद्द केलं तर? खरी कापाकापी इथे होते. सुटायला जितके दिवस कमी, तितकी कपात जास्त, आणि शेवटच्या काही दिवसांत शंभर टक्के, अशी पायऱ्यांची रचना असते. ही रचना मुळात बेकायदा नाही, कारण रिकामी राहिलेली केबिन जहाज सुटल्यावर विकता येत नाही. पण तिला दोन लगाम आहेत आणि ते बहुतेकांना ठाऊक नसतात.

पहिला करार कायद्याच्या कलम 74 चा. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तेवढा मिळतोच असं नाही. वाजवी भरपाई मिळते, आणि तो आकडा ही तिची कमाल मर्यादा. 2015 च्या कैलाश नाथ विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुकसान झालंच नसेल तर या कलमाखाली भरपाईही नाही. तुम्ही सोडलेली केबिन कंपनीने दुसऱ्याला पूर्ण भावाने विकली असेल, तर शंभर टक्के कपातीचं समर्थन तिला अवघड जाईल. म्हणून पत्रात सरळ विचारायचं: त्या तारखेला ती केबिन पुन्हा विकली गेली का? उत्तर आलं नाही, तर ते न येणंही पुढे उपयोगी पडतं.

दुसरा लगाम 2020 च्या ई-कॉमर्स नियमांचा. नियम 4 मध्ये म्हटलं आहे, की विक्रेत्याने स्वतःहून सौदा रद्द केल्यावर तो स्वतः तसाच आकार सोसत नसेल, तर ग्राहकाकडूनही रद्दीकरणाचा आकार घेऊ नये. कंपनीने फेरी रद्द केली तर ‘खेद आहे’ आणि तुम्ही रद्द केली तर निम्मे पैसे गायब, हा एकतर्फीपणा नेमका या नियमात सापडतो. ऑनलाइन बुकिंग करणाऱ्याच्या हातातलं हे सगळ्यात धारदार हत्यार आहे, आणि आश्चर्य म्हणजे तक्रारींत त्याचा उल्लेख फार कमी दिसतो. एजंटाच्या दुकानात रोख भरून पावती घेतली असेल, तर मात्र हा नियम थेट लागू होत नाही.

कपातीचा हिशेब एकगठ्ठा घेऊ नका, ओळीओळीने मागा. क्रूझच्या बिलात साधारण अशा ओळी असतात: केबिनचं भाडं, बंदर शुल्क, ग्रॅच्युइटी, जीएसटी, कधी विमा, कधी संकेतस्थळाचा सुविधा आकार. भाड्यावर पायऱ्यांची कपात लागेल. पण तुम्ही जहाजावर चढलाच नाहीत, तर तुमच्या नावचं बंदर शुल्क कशाचं? वेटरने वाढलंच नाही, तर ग्रॅच्युइटी कुणाला? या दोन ओळी परत मागण्यात संकोच नको. परत मिळालेल्या रकमेवरचा जीएसटीही त्याच प्रमाणात परत यायला हवा. सुविधा आकार सहसा गेलेलाच समजा. सिंगापूरकडची परदेशी क्रूझ एजंटामार्फत घेतली असेल, तर बिलात टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकरही असतो. तो सरकारजमा झाला असेल तर कंपनीच्या मागे लागू नका. तो पॅनवर फॉर्म 26एएसमध्ये दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. सीएंना आठवण करून द्या, एवढंच.

आता थोडं अप्रिय. परतावा देणारी कंपनीच उरली नाही तर? महाराष्ट्राने हे पाहिलं आहे. एस्सेल समूहाशी जोडलेल्या जलेश क्रूझने एप्रिल 2019 मध्ये ‘कर्णिका’ जहाज मुंबईहून गाजावाजाने सुरू केलं. ऑक्टोबर 2020 मध्ये कंपनी बंद पडली, न्यायालयाच्या आदेशाने जहाजाचा लिलाव झाला आणि ते अलंगला भंगारात निघालं. जहाज विकून आलेल्या पैशांवर कुणाचा हक्क आधी, हे 2017 च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्याने ठरवून दिलं आहे. खलाशांचे थकलेले पगार आणि त्यासारखी देणी वर, मग जहाज गहाण ठेवून कर्ज देणारे, मग बाकीचे. आगाऊ तिकीट काढलेला प्रवासी या ‘बाकीच्यां’त. खलाशाचा पगार आधी, हे मला योग्यच वाटतं, पण त्यामुळे प्रवाशाच्या पदरात काही पडत नाही. म्हणून वर्षभर आधीच्या ‘अर्ली बर्ड’ सवलतीसाठी अख्खी रक्कम भरून बसू नये. आणि पैसे क्रेडिट कार्डाने भरावेत. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे चार्जबॅक मागता येतो. त्याची मुदत मोजकी असते, त्यामुळे कंपनीच्या ‘पंधरा दिवसांत होईल’ला भुलून महिने घालवू नयेत.

जहाजावरच्या सेवेबद्दल वेगळी काळजी लागते. एसी बंद, बाथरूम तुंबलेलं, आधी कळवूनही जैन जेवण नाही, या गोष्टी घरी आल्यावर सिद्ध करता येत नाहीत. जहाजावरच रिसेप्शनला लेखी द्या: केबिन क्रमांक, तारीख, वेळ. त्या कागदाचा आणि बिघाडाचा फोटो काढून ठेवा. तोंडी सांगितलेलं ‘सर, बघतो’मध्ये विरतं. उतरण्याच्या आदल्या रात्री जहाजावरच्या खर्चाचं बिल तयार होतं. ते तेव्हाच तपासा. न प्यालेला ज्यूस आणि न वापरलेलं वायफाय त्याच रात्री कमी करून घ्या, नाहीतर पैसे कापले जातात, कारण कार्डाचा तपशील त्यांच्याकडे आधीच असतो.

वऱ्हाडातून जाणाऱ्याची एक खास अडचण आहे. तुमचे करार दोन: एक रेल्वेशी, एक जहाजाशी, आणि त्या दोघांची एकमेकांशी काही ओळख नाही. विदर्भ एक्सप्रेस कल्याणजवळ अडकली म्हणून जहाज थांबत नाही. बोर्डिंग जहाज सुटण्याच्या काही वेळ आधीच बंद होतं, आणि उशिरा पोचलेला प्रवासी ‘आलाच नाही’ या रकान्यात जातो, जिथे परतावा शून्य. त्यामुळे आदल्या दिवशी मुंबईत पोचणं हा खर्च धरूनच हिशेब करावा. उलट, ऐनवेळी फेरी कंपनीने रद्द केली, तर रेल्वेचं तिकीट आणि हॉटेल वाया जातं. कंपनीच्या अटी ते द्यायला नकार देतात. तरीही त्या पावत्या जपा, कारण ग्राहक आयोगापुढे नुकसानभरपाई म्हणून त्या मांडता येतात.

आता मूळ प्रश्नाकडे. 1986 च्या जुन्या ग्राहक कायद्यात तक्रार साधारणपणे जिथे कंपनी किंवा तिची शाखा, किंवा जिथे तक्रारीचं कारण घडलं, तिथे करावी लागे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या 2019 च्या कायद्याने कलम 34 मध्ये एक भर घातली: तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार चालेल. म्हणजे जठारपेठेतल्या माणसाने अकोल्याच्या आणि राजापेठेतल्याने अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जावं.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल. ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण पुष्कळदा पैसे तिथेच सुटतात. नाही सुटले तर आयोग. मुदत दोन वर्षांची. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि 50 लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्ह्यातच चालतात. यात मोजायची ती आपण भरलेली रक्कम, मागितलेली भरपाई नव्हे. अर्ज ई-जागृती पोर्टलवर भरता येतो. वकील सक्तीचा नाही.

अर्जात कंपनी आणि एजंट दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील. आणखी एक खाचखळगा: ‘या अटीच अन्यायकारक आहेत, त्या रद्द करा’ अशी मागणी जिल्हा आयोगात करू नका. अन्यायकारक कराराचा निवाडा राज्य आयोग आणि त्यावरच्या आयोगाकडे आहे. जिल्ह्यात सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन मुद्द्यांवरच उभं राहायचं. कंपनीच्या वकिलाने ‘अटींनुसार वाद लवादाकडे’ असं म्हटलं तर घाबरू नये. लवादाचं कलम ग्राहक आयोगाची वाट अडवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एमार एमजीएफच्या प्रकरणात मान्य केलं आहे.

नोटीस मिळाल्यापासून कंपनीला उत्तरासाठी 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे एक दिवसही नाही, हे मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं. निकाल तीन महिन्यांत लावावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे आयोगाच्या बाकावर बसलेल्या कुणालाही विचारा. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला अपील करायचं झालं, तर आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलसाठीही मुंबई गाठायची नसते. राज्य आयोगाचं विदर्भासाठीचं खंडपीठ नागपूरला बसतं.