तक्त्यातली पाचवी ओळ

नाताळच्या सुट्टीत माझी मावसबहीण पुण्याहून आमच्याकडे उज्जैनला आली, ती एमएस्सीच्या प्रोजेक्टचा मसुदा घेऊनच. "तू साहित्यवाला ना? मग भाषा तपास," म्हणाली. विषय होता फ्युएल सेलसाठी पॉलिमरचा पडदा तयार करून तो तपासणं. पहिल्या पानावर मला क्रियापदांखेरीज काही कळलं नाही. पण पुढच्या चार दिवसांत ताईने जे समजावलं, ते आपल्या मंडळाच्या वाचकांनाही आवडेल असं वाटतं.

फ्युएल सेल म्हणजे इंधनघट. त्यात इंधन जळत नाही, तरी वीज मिळते. एका बाजूने हायड्रोजन येतो आणि प्लॅटिनमवर त्याचे दोन भाग होतात: प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. मधे एक पातळ पडदा असतो. तो प्रोटॉनला जाऊ देतो, इलेक्ट्रॉनला नाही. बिचारे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वळसा घालून जातात, आणि हा वळसा म्हणजेच आपली वीज. पलीकडे ऑक्सिजनशी सगळ्यांची गाठ पडते आणि पाणी तयार होतं.

हे काही नुसतं पुस्तकातलं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सीएसआयआर आणि केपीआयटी यांनी देशात बनवलेल्या अशा घटांवर चालणाऱ्या गाडीची चाचणी घेतली. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच बसही दाखवली गेली. गाडीतला घट ६५ ते ७५ अंश सेल्सिअसला चालतो. म्हणजे पडद्याला कायम गरम आणि ओलं राहून काम करायचं असतं.

जगभर सगळ्यात जास्त वापरला जाणारा पडदा म्हणजे नाफिऑन. तो टेफ्लॉनच्या कुळातला, टिकाऊ, पण महाग. शिवाय त्यात फ्लोरिन असल्यामुळे निसर्गात त्याचं विघटन सहज होत नाही. म्हणून फ्लोरिन नसलेले पर्याय शोधले जातात. ताईने असाच एक निवडला होता. पॉलिमरवर गंधकाम्लाची प्रक्रिया करायची, ते द्रावकात विरघळवायचं, काचेवर ओतून वाळवायचं आणि अलगद सोडवायचं. उन्हाळ्यात आई प्लास्टिकवर साबुदाण्याच्या पापड्या घालते, अगदी तसंच. खरं काम सुरू होतं त्यानंतर.

पहिली चाचणी जाडीची. पडदा पाच-सहा ठिकाणी मोजायचा, कारण कुठेही पातळ राहिला तर तिथूनच फाटणार. नाफिऑनचा एक नेहमीचा प्रकार साधारण ५० मायक्रॉन जाडीचा असतो, केसाहून बारीक म्हणा ना.

दुसरी पाण्याची. कोरडा पडदा तोलायचा, भिजवायचा, टिपून पुन्हा तोलायचा. प्रोटॉनला पुढे सरकायला पाणी लागतं, त्यामुळे पडदा कोरडा राहिला तर उपयोग नाही. पण फार प्यायला तर फुगतो आणि लिबलिबीत होतो.

तिसरी चाचणी तुम्ही अकरावी-बारावीत जवळजवळ केलेलीच आहे. पडदा मिठाच्या पाण्यात ठेवला की सोडियम आत शिरतो आणि प्रोटॉन बाहेर पडतात. मग ब्युरेटमधून अल्कली सोडत टायट्रेशन करायचं. फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी झालं की कळतं, पडद्याच्या एका ग्रॅममध्ये प्रोटॉन देऊ शकणाऱ्या जागा किती.

चौथी, सगळ्यांची लाडकी, वाहकतेची. पडद्यातून वेगवेगळ्या वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडून त्याचा रोध काढतात आणि लांबी-जाडीवरून वाहकता मोजतात. चांगला ओला, गरम नाफिऑन सेंटिमीटरला सुमारे ०.१ सीमेन्सपर्यंत जातो. मात्र तापमान आणि आर्द्रता सांगितली नाही तर या आकड्याला अर्थ नाही. ताईच्या पडद्याचा आकडा छान आला होता. सारांशात तिने तोच ठळक केला होता.

मला रसायन कळत नसेल, पण मोजता येतं. पद्धतीच्या प्रकरणात चाचण्या पाच होत्या, तक्त्यात ओळी चार. "ताई, पाचवी कुठाय?"

ती जरा गप्प झाली. पाचवी फेंटनची. घट चालू असताना थोडा वायू पडद्यातून झिरपतो आणि आत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. धातूच्या भागांतून आलेल्या लोहाची त्याला जोड मिळाली की पडदा कुरतडणारे आक्रमक कण जन्मतात. हाच मारा प्रयोगशाळेत घाईने करून बघायचा. पेरॉक्साइडचं पातळ द्रावण, चिमूटभर लोहाचा क्षार, ८० अंश तापमान. त्यात ताईच्या पडद्याचे तुकडे पडले.

"वाहकता वाढवायला मी आम्ल जास्त वेळ दिलं," ती म्हणाली. "त्याने पाणी जास्त प्यायला लागला. जे वाहकतेला चांगलं, तेच टिकण्याला वाईट. पण हे लिहिलं तर प्रोजेक्टच फसला असं दिसेल."

मग तिनेच एक गोष्ट सांगितली. ऑगस्ट १९६५ मध्ये जेमिनी-५ या अंतराळयानात असेच पडद्याचे घट होते. त्या काळचे पॉलिस्टायरीनचे पडदे अशाच माऱ्याने लवकर खराब व्हायचे. ती उणीव माहीत होती म्हणूनच टिकाऊ पडद्याची गरज कळली, आणि नाफिऑनने ती जागा घेतली. सांगता सांगता ती स्वतःच थांबली. मी काही बोललो नाही.

त्या रात्री तिने पाचवी ओळ भरली: किती तासांत तुकडे पडले, आम्ल किती वेळ दिलं होतं, पाणी किती प्यायला होता. सारांशातलं "उत्कृष्ट" तिने स्वतःच खोडलं. पुढच्या वर्षी हाच पडदा करणाऱ्या विद्यार्थ्याला निदान कळेल की एवढा वेळ आम्ल द्यायचं नाही. भाषा तपासायला बसलेल्या माझ्या वाट्याला खोडण्यासारखं फारसं काही उरलं नाही.

आता "नव्या पडद्याची विक्रमी वाहकता" अशी बातमी दिसली की मी तीन गोष्टी शोधतो: किती तापमानाला, किती ओलाव्यात आणि किती तास. तिसरं उत्तर बहुतेक वेळा बातमीत नसतं.